लस घ्यायला चिठ्ठी कुठे लागते आणि कुठे नाही

एका ताईंचा प्रश्न आहे: "आम्ही सुरतला, उधन्याला राहतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले आहे, चोपडा तालुक्यात. मुलगी पाच वर्षं तीन महिन्यांची आहे, तिचा पाच वर्षांचा डोस राहिलाय. मेडिकलवर गेले तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणाले. दीड वर्षाच्या डोसच्या वेळची चिठ्ठी फाईलमध्ये होती, ती दाखवली, तरी नाही म्हणाले. माझे दीर अमेरिकेत असतात. ते म्हणतात, तिकडे मेडिकलवालेच सुई टोचतात. आपल्याकडे नेहमीच्या लशीला एवढी अडवणूक का? आणि सरकारी दवाखान्यातही चिठ्ठी लागेल का?"

ताई, मी फार्मासिस्ट आहे. अमळनेरला अठ्ठावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे. माझी पत्नी आरोग्यसेविका होती, आता निवृत्त झाली. त्यामुळे दोन्ही बाजू घरातच ऐकल्या आहेत. आधी तुमच्या कामाचं सांगतो: चिठ्ठी शोधत फिरू नका. मुलीला घ्या, सुरतचं ममता कार्ड (तिकडचं लसीकरणाचं कार्ड) घ्या आणि तुमच्या गावाच्या उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रावर जा. सरकारी वेळापत्रकातल्या कुठल्याही लशीला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. कार्ड गुजरातचं असलं तरी चालतं. या डोसचं वेळापत्रक सगळ्या देशाचं एकच आहे. पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींच्या एका लशीचा) दुसरा बूस्टर, म्हणजे आधीच्या डोसांना बळ देणारा डोस, असतो, तोच तुमच्या मुलीचा राहिला आहे.

चिठ्ठी का लागत नाही, हे कळलं तर पुढचा सगळा घोळ सुटतो. चिठ्ठी म्हणजे काय? या माणसाला हे औषध, एवढं, असं द्यायचं, हा एका डॉक्टरचा निर्णय. सरकारी लसीकरणात तो निर्णय आधीच होऊन बसलेला आहे. जन्मल्यावर क्षयाची बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांला पाच रोगांची पेंटा, पोलिओ, जुलाबाची रोटा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. दीड वर्षाला बूस्टर. मग पाच वर्षांचा डीपीटी. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस. वय हीच चिठ्ठी. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून सिस्टर याच पद्धतीने काम करतात. बाळाचं वय बघायचं, कार्ड बघायचं, आज ताप आहे का, मागच्या डोसला काही त्रास झाला होता का हे विचारायचं आणि लस द्यायची. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर डॉक्टरच्या सहीसाठी थांबायचं ठरवलं असतं, तर तिथल्या निम्म्या पोरांना एकही सुई मिळाली नसती. तिथली माणसं ऊसतोडीला जातात, सहा-सहा महिने गावात नसतात. जिथे असतील तिथल्या केंद्रावर लस मिळाली पाहिजे म्हणूनच ही सोय आहे. सुरतहून आखाजीला आलेल्या लेकीलाही तीच लागू आहे.

एक अनुभव तुम्हाला येऊ शकतो, म्हणून आधीच सांगतो. केंद्रावर गेल्यावर सिस्टर कधी कधी म्हणतात, "आज नाही, अमुक वारी या." बाया चिडतात. माझ्या पत्नीने हे चिडणं वर्षानुवर्षं सोसलं. पण त्यामागे कारण असतं. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लशी पावडरच्या असतात. पाणी घालून तयार केल्या की चार तासांत वापरायच्या, उरल्या तर टाकायच्या. एका बाटलीत अनेक बाळांचे डोस असतात, म्हणून ठरलेल्या दिवशी बाळं गोळा करून बाटली उघडतात. तुमच्या मुलीच्या डीपीटीचं तसं नाही. ती बाटली नीट थंडाव्यात ठेवली तर उघडल्यापासून अठ्ठावीस दिवस चालते. तरीही गावातल्या आशाताईंना विचारूनच जा. उपकेंद्रावर लस रोज नसते. ती केंद्रातून डब्यात येते आणि सत्र संपलं की उरलेली परत जाते.

आता मेडिकलवाल्याचं. त्याने तुम्हाला अडवलं नाही ताई, त्याने नियम पाळला. दुकानात विकल्या जाणाऱ्या लशीच्या खोक्यावर बारकाईने बघा. आरएक्स छापलेलं असतं आणि खाली सूचना असते की नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच किरकोळ विक्री करावी. लस ठेवायला दुकानाला नेहमीच्या फॉर्म २० च्या परवान्याबरोबर फॉर्म २१ चा परवाना लागतो. औषध नियम १९४५ सालचे आहेत. त्यातला नियम ६५ आम्हा फार्मासिस्ट लोकांचा रोजचा धडा. चिठ्ठीवर काय हवं हे त्यात लिहिलं आहे: डॉक्टरांची सही, तारीख, पेशंटचं नाव-पत्ता, औषध किती आणि मात्रा कशी. एवढं नसेल तर ती चिठ्ठी नाही, नुसता कागद.

तुमची जुनी चिठ्ठी का चालली नाही, तेही त्याच नियमात आहे. डॉक्टरांनी "पुन्हा द्यावे" असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. म्हणून आम्ही औषध दिलं की डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारखेचा शिक्का मारतो. तो शिक्का म्हणजे हा कागद वापरून झाला. तुमच्या फाईलमधला कागद काढून बघा, तसा शिक्का तुम्हाला दिसेल. शिवाय ती चिठ्ठी दीड वर्षाच्या बाळाची होती. तेव्हाची मुलगी आणि आताची मुलगी यांच्यात पावणेचार वर्षांचं अंतर आहे. मधे तिला झटके आले असतील, मागच्या डोसनंतर काही मोठा त्रास झाला असेल, तर डॉक्टर डीपीटीबद्दल वेगळा विचार करतात. काउंटरवरून मला ते कळत नाही. मूल माझ्यासमोर नसतं, त्याचे काका असतात.

अजून एक गोष्ट लोकांना खटकते. डॉक्टरांनी एका कंपनीची लस लिहिली आणि दुकानात दुसऱ्या कंपनीची आहे. "तीच तर आहे, द्या ना भाऊ." नाही देता येत. चिठ्ठीवरच्या अशा औषधाच्या जागी परस्पर दुसरं द्यायला नियमाने बंदी आहे. लशीत तर ती जास्तच बरोबर आहे. डीपीटीतच दोन जाती आहेत. एकीत डांग्या खोकल्याचा अख्खा जंतू असतो, दुसरीत त्याचे निवडक भाग. पहिलीने ताप-सूज जास्त येते, दुसरीने कमी. कोणती द्यायची हे डॉक्टर ठरवतात. मी फोन करतो, डॉक्टर बदलून लिहितात किंवा पेशंट दुसऱ्या दुकानात जातो.

खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे मात्र चिठ्ठीचा प्रश्नच बहुधा येत नाही. ते लस स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवतात आणि स्वतःच्या पेशंटला देतात. स्वतःच्या पेशंटला औषध द्यायची मोकळीक डॉक्टरला कायद्यातच आहे, फक्त त्यांनी दुकान मांडून विकायचं नाही. तिथे गेलात तर एक काम करा. सुई भरण्याआधी खोकं हातात घ्या, लशीचं नाव आणि मुदत वाचा. बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवायला सांगा. चांगले डॉक्टर तुम्ही न सांगता करतात.

दिरांचं म्हणणं खरं आहे. अमेरिकेत फार्मासिस्ट लस टोचतात, त्याचं प्रशिक्षण घेतात, आणि कुठली लस कुणाला द्यायची याचे नियम राज्याराज्याचे वेगळे आहेत. पण चिठ्ठीची कटकट तिकडेही सुटलेली नाही. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोविडच्या नव्या लशीचे निकष बदलले, तेव्हा काही राज्यांत मेडिकलमध्ये ती घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी मागायला लागले आणि म्हातारी माणसं रांगेतून परत गेली. आपल्याकडे दुकानात टोचायची परवानगी फार्मासिस्टला नाही. मला वाटतं, नीट प्रशिक्षण आणि नोंदीची व्यवस्था झाली तर पुढे ती द्यायला हरकत नसावी, कारण आमचं दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं. पण आज नाही म्हणजे नाही. पडदा ओढून कोणी टोचून देत असेल तर तिथून बाहेर पडा. लस टोचल्यावर क्वचित एखाद्याचा जीव घाबरा होतो, अंगावर गांध्या उठतात, श्वास लागतो. त्या पाच मिनिटांत लागणारं इंजेक्शन आणि ते देणारा हात दोन्ही दुकानात नसतात.

आता मला खरं जिच्याबद्दल बोलायचं आहे ती गोष्ट. समजा चिठ्ठी मिळाली आणि दुकानदाराने लस दिली. तिथून डॉक्टरांच्या खुर्चीपर्यंत ती जाणार कशी?

लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. एसटीच्या खिडकीजवळच्या सीटवर, पर्समध्ये, तासभर. विचार करा. आणि लोकांना उष्णतेची भीती असते, तेवढी गोठण्याची नसते. गोठणंही तितकंच वाईट.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या गावचे एक शेतकरी, मुलगी नर्सिंगला लागलेली. कॉलेजने कावीळ-बीची लस घ्यायला सांगितली होती. त्यांनी मोठ्या शहरातल्या एका दुकानातून बाटली घेतली. दुकानदाराने ना पिशवी दिली, ना नीट सांगितलं. त्यांनी आपल्या अकलेने रसवंतीवरून बर्फ घेतला, पाण्याच्या थर्मासमध्ये भरला आणि बाटली त्यात खुपसली. तीन तास. गावच्या डॉक्टरांना शंका आली, त्यांनी माझ्याकडे पाठवलं. मी माझ्या फ्रीजमधली तशीच एक बाटली काढली. दोन्ही हातांत धरून जोरात हलवल्या. दोन्हींत पांढरट दूध. काचेच्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो. दहा मिनिटांनी परत आलो तेव्हा माझी बाटली अजून दुधाळ होती. त्यांच्या बाटलीत तळाशी दह्याच्या चोथ्यासारखे कण बसले होते आणि वर स्वच्छ पाणी. लशीतला ॲल्युमिनियमचा क्षार गोठला की असा फुटतो आणि पुन्हा एकजीव होत नाही. अशी लस टोचली तर दंडाला गाठ येईल, कावीळ थांबेल याचा भरवसा नाही. ते दोन्ही बाटल्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, मी तं जपीसन लयनू." त्यांनी जपूनच आणली होती. कसं जपायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून मी लस देताना तीन गोष्टी केल्याशिवाय सोडत नाही. आधी डॉक्टरांना फोन: ते दवाखान्यात आहेत का, आत्ता टोचतील का. नसतील तर बाटली माझ्या फ्रीजमध्येच राहू द्या, उद्या न्या. मग थंड केलेला आईस पॅक, पण फ्रीजरमधून काढल्या काढल्या नाही. कानाशी हलवल्यावर आतलं पाणी खळखळलं पाहिजे, एवढा वितळू द्यायचा. बाटली आणि पॅक यांच्या मधे पुठ्ठा किंवा जाड कागद. आणि बिल. लशीच्या बिलावर कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असते, ते बिल कार्डाला टाचून ठेवा. पुढे काही त्रास झाला तर पहिला प्रश्न बॅच नंबरचाच येतो. घरच्या फ्रीजमध्ये लस ठेवू नका. दारात ठेवली तर दिवसातून चाळीस वेळा दार उघडतं, मागच्या भिंतीला टेकली तर गोठते, आणि लाईट गेली तर विचारायलाच नको.

सरकारी डब्यातल्या लशीवर ही काळजी आधीच घेतलेली असते. बाटलीवर एक छोटी खूण असते, गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेने खराब झालेली नाही. चौकोन गोलाइतकाच गडद झाला की बाटली टाकायची. सिस्टरना "खूण दाखवा" म्हटलं तर त्यांना राग येत नाही. माझ्या पत्नीला तर आनंद व्हायचा.

मग चिठ्ठी खरोखर कधी लागते? सरकारी यादीत नसलेल्या लशींना. टायफॉइड, कांजिण्या, कावीळ-ए, गोवर-रुबेलाबरोबर गालगुंडावरही चालणारी एमएमआर, फ्लू. मोठ्या माणसांत न्यूमोनियाची लस, मधुमेह किंवा दम्याच्या पेशंटसाठी दरवर्षी फ्लूची लस. यातली कुठली घ्यायची हा डॉक्टर आणि तुमचा निर्णय, आणि खिशाचाही. मोठ्या माणसाला कावीळ-बीसारखी अनेक डोसांची लस घ्यायची असेल तर डॉक्टरांना पहिल्याच चिठ्ठीवर "तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी" असं स्पष्ट लिहायला सांगा. मग त्याच चिठ्ठीवर तीनदा लस मिळते, प्रत्येक वेळी शिक्का पडतो, आणि चिठ्ठीसाठी पुन्हा रजा काढावी लागत नाही. डॉक्टर परगावी असतील तर २०२० पासून फोनवरून तपासून सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवायची सोयही नियमात आहे. त्यावर नाव, तारीख, सही आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. शेजारच्या मुलाच्या चिठ्ठीचा फोटो म्हणजे ही सोय नव्हे.

दोन प्रसंगांत चिठ्ठीचा विचारच करू नका. वखराची पास लागली, पत्रा कापला, खिळा घुसला की आपल्याकडे माणूस थेट मेडिकलवर येतो. "भाऊ, टीटी दी द्या." मी त्याला सरकारी दवाखान्यात पाठवतो. तिथे केस पेपर काढला की जखम धुतात, बघतात आणि इंजेक्शन देतात. आता तिथे टीटीऐवजी टीडी असते, धनुर्वाताबरोबर घटसर्पालाही उपयोगी. दुसरा प्रसंग कुत्र्याचा. कुत्रं चावलं तर आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. रेबीजची लस तिथे मिळते. रक्त आलं असेल तर जखमेत भरायचं वेगळं औषध लागतं, ते दुकानातून आणून घरी होणारं काम नाही. रविवार आहे, डॉक्टर नाहीत, उद्या चिठ्ठी आणू, असं या दोन ठिकाणी म्हणायचं नसतं. रेबीज एकदा झाल्यावर त्याच्यावर इलाज नाही.

तुमच्या मुलीकडे परत येतो. डीपीटी सरकारी केंद्रात सात वर्षांपर्यंतच देतात. त्यानंतर डांग्या खोकल्याचा भाग गळतो आणि टीडी मिळते. तुमच्याकडे वेळ आहे, पण सुरतला परत गेल्यावर शाळा, घर, मिस्टरांची शिफ्ट यात महिने जातात. माहेरी आहात, मदतीला आई आहे, तोवर उरका. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून डोस द्यावे लागतील का, ही भीती बऱ्याच आयांना असते. नाही लागत. जिथे थांबलं तिथून पुढे जायचं.

जाताना मुलीला उपाशी नेऊ नका. सैल बाह्यांचा फ्रॉक घाला, सुई दंडाला असते. सिस्टर विचारतील तेव्हा मागच्या डोसला काय झालं ते खरं सांगा, ताप आला होता तर आला होता. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. रात्री दंड दुखेल, ताप येईल. तापाचं औषध किती द्यायचं ते सिस्टरना तिथेच विचारून घ्या. दंडाला हळद, तूप, गरम चटका काही नको. ताप दोन दिवसांपेक्षा जास्त टिकला, मूल फार सुस्त वाटलं किंवा झटका आला तर डॉक्टरांकडे न्या.

डोस झाल्यावर तारीख त्याच ममता कार्डावर लिहून घ्या, इथलं नवीन कोरं कार्ड घेऊन जुनं सुरतला कपाटात ठेवू नका. यू-विनवर (सरकारच्या ऑनलाइन लसीकरण यादीत) नोंद असेल तर तीही तिथेच मोबाइल नंबर सांगून पुढे करून घ्या. आणि बऱ्याच आया प्रेमाने करतात ती एक गोष्ट करू नका: कार्ड लॅमिनेट करू नका. त्यावर पेन चालत नाही, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षाच्या टीडीच्या तारखा अजून लिहायच्या आहेत.